बाल्बोआला उतरवून ट्रेनने पलीकडे: दोन महासागरांमधला हा रूट घ्यावा का?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतून, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतून, एका मुलाने विचारलंय. वडिलांचा ट्रान्सफॉर्मरच्या रेडिएटरचा कारखाना आहे, कोलंबियातल्या कार्टाहेनाला पहिल्यांदाच दोन ४० फुटी कंटेनर जायचेत आणि फॉरवर्डरने (माल पाठवायची सोय लावणाऱ्या एजंटने) दोन रूट दिलेत. एक आफ्रिकेला वळसा घालून अटलांटिकमधून. दुसरा सिंगापूरकडून पॅसिफिक ओलांडून, त्यात डबा (कंटेनरला आम्ही डबाच म्हणतो) पनामात बाल्बोआला उतरणार, तिथून ट्रेनने पलीकडच्या किनाऱ्यावर मॅन्झानिलोला जाणार आणि पुढे दुसऱ्या जहाजाने कार्टाहेना. त्याचं म्हणणं असं की काका, कालवा असताना ट्रेन कशाला, आणि ट्रेन एवढी सोपी असेल तर आपण मुंबई ते चेन्नई असं का नाही करत, सगळी जहाजं श्रीलंकेला वळसा घालत का बसतात?

प्रश्न चांगला आहे रे, आणि तू विचारलास ते बरं केलंस, कारण बहुतेक लोक नुसता रेट बघून हो म्हणतात. मी २६ वर्षं बडोद्यात डब्यांचंच काम करतोय, आधी दशरथच्या कंटेनर डेपोत रेक, म्हणजे मालगाडी, लावायला उभा असायचो, नंतर फॉरवर्डिंगमध्ये आलो, आणि या सगळ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली की असल्या रूटमध्ये किलोमीटर मोजायचे नाहीत, डबा किती वेळा उचलला जातो ते मोजायचं.

मोजून बघ. जहाज कालव्यातून गेलं तर तुझा डबा एकदाही उचलला जात नाही, बसल्या जागी पलीकडे जातो. ट्रेनने न्यायचा तर जहाजावरून यार्डात एक लिफ्ट, यार्डातून वॅगनवर दुसरी, पलीकडे वॅगनवरून यार्डात तिसरी, यार्डातून दुसऱ्या जहाजावर चौथी. मध्ये टर्मिनलपासून रेल्वे यार्डापर्यंत ट्रेलर लागला तर अजून दोन. प्रत्येक लिफ्टचे पैसे लागतात, प्रत्येक लिफ्टला थांबणं आलं, आणि प्रत्येक लिफ्टला क्रेनवाल्याच्या हाताखालून डबा जातो. रूळ पनामात फक्त ७६-७७ किलोमीटरचे आहेत, म्हणजे बडोद्याहून भरूचच्या थोडं पुढे, तास-दीड तासाचा प्रवास. खर्च त्या तासाचा नाहीच, खर्च दोन्ही टोकांचा आहे.

मग ही ट्रेन चालते तरी कशी? त्याची गोष्ट मोठी आहे आणि मला ती मनापासून आवडते. ही रेल्वे कालव्यापेक्षा जुनी, १८५५ साली सुरू झाली, कालवा आला १९१४ ला. त्या ५९ वर्षांत अटलांटिकच्या जहाजातून माल काढून रेल्वेत, रेल्वेतून काढून पॅसिफिकच्या जहाजात, असंच चालायचं, आणि तेव्हा डबे नव्हते, गोणी न् पेटी हमालाच्या पाठीवरून. कालवा उघडला आणि रेल्वेचं हे काम गेलं, पुढे पुढे तर ती अगदी मोडकळीला आली. १९९८ ला अमेरिकन कंपन्यांनी ती चालवायला घेतली, जुना ५ फुटी गेज (दोन रुळांमधलं अंतर) काढून स्टँडर्ड गेज टाकला आणि २००१ ला डबलस्टॅक, म्हणजे डब्यावर डबा ठेवणारी, कंटेनर ट्रेन म्हणून परत चालू केली. २०२५ मध्ये तर मर्स्क या जहाज कंपनीच्या टर्मिनल कंपनीने ती विकतच घेतली. जहाजवाल्यांच्या घरातलीच कंपनी रेल्वे विकत घेते तेव्हा समजायचं की त्यात काहीतरी आहे.

ते काहीतरी असं. आशियातून येणारं मोठं जहाज बाल्बोआला थांबतं, त्यातले काही डबे कॅरिबियन बेटांसाठी, काही कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यासाठी, काही व्हेनेझुएलासाठी असतात. त्या जहाजाला स्वतःला पलीकडे जायचंच नसतं, त्याला खाली पेरू-चिलीकडे जायचंय. मग एवढ्या थोड्या डब्यांसाठी अख्खं जहाज कालव्यातून कोण काढेल, टोल भरेल? ते डबे उतरवायचे, ट्रेनने पलीकडे टाकायचे, तिथे छोटी फीडर जहाजं तयार असतात. म्हणजे इथे तो डबा असाही उतरणारच होता, असाही दुसऱ्या जहाजावर चढणारच होता. ट्रेनमुळे जास्तीच्या फक्त दोन लिफ्ट वाढल्या. हिशोब जुळतो तो इथे. म्हणून पनामाची ट्रेन कालव्याची स्पर्धक नाही, ती एका किनाऱ्यावरच्या यार्डाला दुसऱ्या किनाऱ्यावरच्या यार्डाशी जोडते. तुझा डबा नेमका याच प्रकारात बसतो, त्यामुळे फॉरवर्डरने रूट उगाच दिलेला नाही.

आणि दुष्काळात तिचा खरा उपयोग दिसला. कालव्याचं पाणी समुद्राचं नाही हे लोकांना माहीत नसतं, ते गातून तलावाचं गोडं पाणी आहे, एक जहाज पार करायला साधारण १९-२० कोटी लिटर जातं आणि तोच तलाव पनामा शहराला प्यायला पाणी देतो. म्हणजे आजवा तलावाच्या पाण्यावर बडोद्याने तहानही भागवायची आणि जहाजंही चालवायची असं काहीसं. २०२३ चा ऑक्टोबर तिथे १९५० पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑक्टोबर गेला. रोज ३६ च्या आसपास जहाजं जायची ती डिसेंबरात २२ वर आणली आणि मोठ्या जहाजांना पाण्याखाली ५० फुटांऐवजी ४४ फूटच बुडायची परवानगी. ६ फूट कमी म्हणजे हजारो टन माल कमी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एव्हर मॅक्स नावाच्या जहाजाने साधारण १४०० डबे बाल्बोआला उतरवले, जहाज हलकं करून कालव्यातून काढलं, डबे ट्रेनने पलीकडे गेले आणि तिथे परत जहाजावर चढले. आणि जानेवारी २०२४ मध्ये मर्स्कने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची एक अख्खी सर्व्हिस अशी फिरवली की पॅसिफिकची जहाजं बाल्बोआलाच वळून परत आणि अटलांटिकची मॅन्झानिलोला वळून परत, मधलं सगळं ट्रेनने.

पण म्हणून कालवा बंद करून सगळं ट्रेनने न्या म्हणशील तर ते होत नाही. आपल्याकडचाच आकडा घे म्हणजे डोळ्यासमोर येईल. आपला एक रेक ४५ वॅगनचा, एका वॅगनवर दोन २० फुटी, म्हणजे ९० टीईयू (एक टीईयू म्हणजे एक २० फुटी डबा). डबलस्टॅक केला तर १८०. आता १४००० टीईयूचं एक जहाज रिकामं करायचं तर डबलस्टॅकच्या ७८ गाड्या लागतात. एका जहाजाला! आणि तेवढ्याच परतीच्या. यार्डात १४००० टीईयूचे डबे उतरवून ठेवायला जागा पाहिजे, पलीकडे तेवढंच मोठं जहाज त्याच आठवड्यात रिकामं उभं पाहिजे. दोन्ही बाजूंची जहाजं वेळेवर आली तरच हे जमतं, आणि जहाजं वेळेवर येत नाहीत हे मी तुला काय सांगू.

हाच धडा मेक्सिकोने शंभर वर्षांपूर्वी घेतलाय. तिथे तेहुआन्तेपेकची संयोगभूमी, म्हणजे दोन समुद्रांमधली जमिनीची अरुंद पट्टी, आहे, पॅसिफिकवर सालिना क्रूझ आणि मेक्सिकोच्या आखातावर कोआत्झाकोआल्कोस, मध्ये साधारण ३०० किलोमीटर रूळ. १९०७ साली पोर्फिरिओ दियाझ राष्ट्राध्यक्ष असताना ती लाइन जोरात चालू झाली, हवाईची साखर पॅसिफिकच्या बाजूने यायची, ट्रेनने ओलांडायची आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जायची. सात वर्षं भरभराट. १९१४ ला पनामा उघडला आणि ती साखर कालव्याकडे वळली, कारण कालव्यात माल उतरवायचा-चढवायचा नव्हता. आता डिसेंबर २०२३ पासून मेक्सिकोने तीच लाइन दुरुस्त करून परत सुरू केलीय, त्यांचं नौदल ती चालवतं, २०२५ मध्ये एका कोरियन कंपनीच्या सुमारे ९०० मोटारी त्या मार्गाने चाचणी म्हणून गेल्या. मोटारींचं मला पटतं, त्या चाकांवर उतरतात, क्रेन लागत नाही, लिफ्टचा प्रश्नच नाही. कंटेनरचं मात्र माझं मत सांगतो: संयोगभूमीत कारखाने आले, तिथलाच माल दोन्ही किनाऱ्यांना जायला लागला तर ती लाइन जगेल, नुसतं पनामाला पर्याय म्हणून नाही जगणार.

आता मोठा खंड घे. अमेरिकेत १९८४ ला एपीएल या जहाज कंपनीने लॉस एंजेलिसहून शिकागोला नेमाने डबलस्टॅक ट्रेन सोडायला सुरुवात केली आणि तिथला सगळा धंदा बदलला, एकाच इंजिन-ड्रायव्हरच्या खर्चात दुप्पट डबे. तिथे मालगाडीच्या बहुतेक लाइनवर विजेची तार नाही त्यामुळे उंचीची अडचण नाही, आणि वॅगनला मध्ये खळगा असतो, खालचा डबा त्यात बसतो. पण लक्षात घे, आशियातून अमेरिका ओलांडून पुढे युरोपला जाणारा माल फार टिकला नाही, टिकला तो अमेरिकेतच उतरणारा. शिकागोला, डॅलसला जाणाऱ्या डब्याला ट्रेन लागणारच आहे, मग पश्चिम किनाऱ्याला उतरून गेला तर दिवस वाचतात. आणि २०२५ पर्यंत अमेरिकेत एकही रेल्वे कंपनी या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत जात नव्हती, शिकागोला डबा पश्चिमेच्या कंपनीकडून पूर्वेच्या कंपनीकडे द्यावा लागतो आणि बरेचदा तो चक्क ट्रकवर टाकून शहरातून या यार्डातून त्या यार्डात नेतात! परत लिफ्ट. युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न यांनी जुलै २०२५ मध्ये एकत्र यायचं जाहीर केलं त्यामागे हेही एक मोठं कारण आहे. कॅनडात मात्र कॅनेडियन नॅशनल एकटी व्हँकुव्हर, प्रिन्स रूपर्टपासून हॅलिफॅक्सपर्यंत पोचते.

चीनहून रशियामार्गे युरोपला जायच्या रूटला वेगळंच दुखणं आहे, गेज. चीनचा १४३५ मिलिमीटर, रशियाचा १५२०, पोलंडला परत १४३५. दोनदा डबे एका वॅगनवरून उचलून दुसऱ्यावर. आपल्या बडोद्याच्या लोकांना हे नवीन नाही खरं तर. १८६२ मध्ये खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम छोटी लाइन टाकली, अडीच फुटी, सुरुवातीला बैल ओढायचे, आणि मियागामला मोठ्या लाइनशी गाठ, म्हणजे माल उतरवा आणि परत भरा. माझे आजोबा सांगायचे की मियागामला कापसाच्या गाठी हलवण्यातच दिवस जायचा. फरक इतकाच की आता गाठी मोजत बसत नाहीत, अख्खा डबा तीन-चार मिनिटांत इकडचा तिकडे होतो. डब्याने गेजचं दुखणं सुसह्य केलं, पूर्ण बरं नाही केलं.

आता मुंबई ते चेन्नई. नकाशात बघितलं की वाटतं किती सरळ आहे, आणि पाल्कच्या सामुद्रधुनीत पाणी उथळ असल्याने मोठी जहाजं श्रीलंकेला वळसा घालतात हेही खरं. पण विचार कर, चेन्नईचा डबा येतो कुठून? बहुतेक सिंगापूरकडून नाहीतर कोलंबोवरून, त्याला न्हावा शेवाला यायचं कारणच नाही. आणि युरोपचा डबा कोलंबोला उतरून फीडरने चेन्नईला जातो, दोन लिफ्टमध्ये काम होतं. रेल्वेने न्यायचा तर न्हावा शेवाहून निघाल्यावर लगेच बोरघाट, ३७ ला १ चा चढ, मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, जुने बोगदे आणि साधी ओव्हरहेड तार त्यामुळे डबलस्टॅक शक्य नाही, आणि लाइनवर प्रवासी गाड्यांचा पहिला मान, मालगाडी बाजूच्या लूप लाइनवर उभी. मोरबीच्या टाइल्स बघ, त्या कांडल्याहून डब्यात भरून जहाजाने तुतीकोरिनला, कोचीला जातात, वळशाने जातात तरी परवडतं. रेल्वेनेही जातात, पण त्या दक्षिणेतल्या आतल्या गावांना. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत म्हटलं की समुद्रच जिंकतो.

रेल्वे जिंकते ती आपल्या दारातून जाणाऱ्या फ्रेट कॉरिडॉरवर, म्हणजे फक्त मालगाड्यांच्या लाइनवर, कारण तिथे पोर्ट ते दिल्लीकडचा डेपो असा सरळ माल आहे, मध्ये उचलाउचल नाही. दादरी ते जेएनपीटी (म्हणजे न्हावा शेवाच) १५०६ किलोमीटर, तार एवढी उंच की ७.१ मीटरपर्यंतची गाडी खालून जाते, साध्या सपाट वॅगनवर दोन डबे एकावर एक आणि ओढायला विजेचं इंजिन, असं जगात आधी कुणी केलं नव्हतं. मार्च २०२४ मध्ये न्यू मकरपुरा ते न्यू घोलवड टप्पा चालू झाला, तुझ्या कारखान्यापासून जवळच आहे, एकदा संध्याकाळी जाऊन बघ. दीड किलोमीटरची डबलस्टॅक गाडी समोरून जाते तेव्हा मला अजूनही भरून येतं.

सुएझचंही जाता जाता सांगतो कारण तुझा पहिला रूट त्यामुळेच लांबलाय. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक मोठ्या जहाज कंपन्या केप ऑफ गुड होपवरून, म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून, जायला लागल्या, १० ते १४ दिवस जास्त. तेव्हा काही कंपन्यांनी जेबेल अली, दम्माम या आखातातल्या बंदरांत डबे उतरवून सौदी अरेबिया ओलांडून जेद्दापर्यंत ट्रकने न्यायची सोय काढली, ट्रकने, कारण दम्माम ते रियाध कंटेनर ट्रेन आहे पण रियाध ते जेद्दा रूळच नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० मध्ये भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉर जाहीर झाला त्यातही अरबस्तानातून इस्रायलच्या हैफा बंदरापर्यंत रेल्वेच आहे. माझ्या मते त्याची गरज आहे, पण रोजच्या स्वस्त मालासाठी नाही. सुएझ सुरळीत असेल तेव्हा चार लिफ्ट जास्तीच्या देऊन कोण जाईल? औषधं, ऑटो पार्ट, ज्याला दिवस वाचले तर पैसे वाचतात तो जाईल. आणि रस्ता बंद झाला की सगळेच तिकडे धावतील, पण तेव्हा ट्रेनची क्षमता आयत्या वेळी वाढत नाही.

आता तुझ्या दोन डब्यांकडे येतो. एक माझा अनुभव ऐक. काही वर्षांपूर्वी आमच्या एका गिऱ्हाइकाचे असेच रेडिएटर पॅसिफिकमधून लॉस एंजेलिस आणि तिथून ट्रेनने शिकागोकडे गेले. पॅकिंगवाल्याने लाकडी टेके दोन्ही बाजूंना छान लावले होते, कारण जहाज डावी-उजवीकडे डोलतं हे त्याला माहीत होतं. पुढे-मागे काहीच नव्हतं, दारापाशी वीतभर जागा मोकळी. ट्रेन डोलत नाही रे, ट्रेन धक्का देते, शंटिंगला, ब्रेकला, सगळा धक्का लांबीच्या दिशेने. दार उघडलं तर शेवटच्या पाच क्रेटचे फिन वाकलेले. आणि आमच्याकडे भरतानाचा दाराचा फोटो नव्हता, सर्व्हेयरला काय दाखवणार? क्लेम अर्धाच मिळाला. चूक आमचीच, मी स्वतः उभा राहून बघायला पाहिजे होतं. तेव्हापासून ट्रेनचा टप्पा असेल तर पुढच्या भिंतीला आणि दाराला आडवे ओंडके, मधल्या फटीत एअर बॅग, आणि दार बंद करायच्या आधी फोटो, सील नंबरसकट. वजनही डब्याच्या पूर्ण लांबीत सारखं पसरव, सगळं एका टोकाला नको, डबलस्टॅकमध्ये जड डबा खाली जातो आणि एकीकडे कललेला डबा क्रेनवाला आधी बाजूला काढून ठेवतो. मग गाडी त्याच्याशिवाय सुटते.

कागदाचं नीट बघ. बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेला मालाचा कागद) एकच पाहिजे, इथल्या पोर्टपासून कार्टाहेनापर्यंत, ट्रेनचा टप्पा त्याच जहाज कंपनीच्या जबाबदारीवर. फॉरवर्डर म्हणाला की पनामापर्यंत एक आणि पुढे दुसरं, तर नाही म्हण, कारण मध्ये डबा अडकला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि यार्डाचं भाडं तुझ्या माथी. आणि मॅन्झानिलो नावाची पोर्ट एकाहून जास्त आहेत, एक पनामात अटलांटिकच्या बाजूला, एक मेक्सिकोत पॅसिफिकवर. बुकिंगवर देशासकट लिहून घे, ही चूक झालेली मी पाहिलीय.

रूट घ्यावा का म्हणशील तर माझं उत्तर एका तारखेवर आहे. फॉरवर्डरला विचार की बाल्बोआला जहाज लागल्यावर मॅन्झानिलोहून कार्टाहेनाचं पुढचं जहाज किती दिवसांनी आहे आणि ते चुकलं तर त्यानंतरचं कधी. आठवड्याला दोन-तीन असतील तर बिनधास्त घे, केपच्या वळशापेक्षा हा रूट मला आवडेल. आठवड्याला एकच असेल आणि मध्ये फक्त दोन दिवसांची फट असेल तर ते चुकणारच असं धरून आठ-नऊ दिवस जास्तीचे मोज, आणि मग दोन्ही रूट शेजारी ठेव. गिऱ्हाइकाला तारीख सांगताना ही जास्तीची धरूनच सांग. पॅकिंगच्या दिवशी मी मकरपुऱ्याकडेच असेन, दुपारी बोलाव, दार बंद करायच्या आधी एकदा बघून जातो.